ताणलेल्या रबराची ओढ कमी झाली, तर त्यातली लाट मंदावते का?

प्रश्न असा आहे: रबराची पट्टी मूळ लांबीच्या दुप्पट ताणून दोन पक्क्या टोकांमध्ये अडकवली. लांबी कायम राहिली, तरी आठवड्याभरात तिची ओढ कमी झाली. मग तिच्यातून जाणाऱ्या लाटेचा वेगही कमी होतो का? आणि स्टीलची तार अशीच ताणून ठेवली तर हा प्रकार का दिसत नाही?

आधी थेट उत्तर देतो. पट्टी मधोमध छेडल्यावर जी आडवी लाट धावते, तिचा वेग कमी होतो. पट्टीच्या लांबीच्या दिशेने जो धक्का जातो, त्याचा वेग जवळजवळ तसाच राहतो. स्टीलचीही ओढ कमी होते, पण साध्या तापमानाला इतकी थोडी की साध्या काट्यावर ती कळत नाही.

आता कारणं. माझं काम रबर आणि पॉलिमरच्या चाचण्यांचं आहे. या विषयातला बहुतेक गोंधळ एका समजुतीतून येतो: ताठरपणा म्हणजे त्या पदार्थाचा एक ठरलेला आकडा. कोणी मला मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, तो किती वेळात मोजला? एका सेकंदात ताणून, महिनाभर ताणून ठेवून, की दहा लाख हर्ट्झच्या कंपनाने? रबराच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि तिन्ही बरोबर असतात.

पदार्थ ताणला जातो म्हणजे नेमकं काय होतं, इथून सुरुवात करू. पट्टीचं एक टोक तुम्ही ओढता तेव्हा दुसऱ्या टोकाला ते लगेच कळत नाही. ओढ लाटेच्या रूपाने पुढे जाते, दुसऱ्या टोकावर आपटून परत येते, अशी अनेकदा ये-जा करते आणि हळूहळू विरते. ती विरल्यावर जे उरतं, त्याला आपण ‘पट्टी ताणली गेली’ असं म्हणतो. दहा सेंटिमीटर स्टीलच्या सळईतून असा धक्का साधारण २० मायक्रोसेकंदांत पार होतो. तेवढ्याच लांबीच्या मऊ रबराच्या पट्टीला दोन-अडीच मिलिसेकंद लागतात. ताण-चाचणीचं यंत्र नमुना ओढायला काही सेकंद ते काही मिनिटं घेतं, म्हणून तिथे लाट विसरून चालतं. गोळी लागणं, गाडी धडकणं, हातोड्याचा घाव अशा घटनांत चालत नाही. तिथे पदार्थ मोजायलाही लाटच वापरावी लागते. १९१४ साली बर्ट्रम हॉपकिन्सनने लांब सळईतल्या लाटेवरून आघाताचा दाब मोजण्याची पद्धत मांडली आणि १९४९ साली कोल्स्कीने दोन सळयांच्या मध्ये नमुना ठेवून तिला आजचं रूप दिलं.

लाट विरल्यावर दुसरी, संथ क्रिया सुरू होते. तुमच्या पट्टीची ओढ कमी करणारी हीच. ती समजण्यासाठी रबराच्या आत जावं लागेल.

स्टील ताणलं की अणूंमधले बंध किंचित लांबतात आणि ते बंध परत खेचतात. रबराचं तसं नाही. त्यात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात, उष्णतेमुळे सतत वळवळत असलेल्या, आणि गंधकाच्या गाठींनी जागोजागी एकमेकींना जोडलेल्या. या गाठी घालण्याची व्हल्कनायझेशनची रीत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. साखळी गुंडाळलेल्या अवस्थेत असंख्य प्रकारे राहू शकते. ताणून सरळ केली की तिला फार थोडे प्रकार उरतात. वळवळ तिला पुन्हा गुंडाळलेल्या अवस्थेकडे नेते आणि आपल्या हाताला लागते ती ओढ हीच. म्हणून रबराची ओढ तापमानाबरोबर वाढते. वजन टांगून ताणलेलं रबर तापवलं तर ते आखडतं, आणि झटकन ताणलेली पट्टी ओठांना लावली तर कोमट लागते. जॉन गॉफने १८०५ मध्ये हे नोंदवलं आणि जूलने १८५९ मध्ये नीट मोजलं. बंध लांबवण्यापेक्षा साखळ्या उलगडणं फारच सोपं असल्यामुळे स्टीलचा यंग मॉड्युलस (ताणण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) २०० गिगापास्कल, तर मऊ रबराचा एक-दोन मेगापास्कल असतो. फरक एक लाख पटीहून जास्त.

आता ओढ कमी का होते? साखळ्यांचं जाळं सुबक नसतं. काही साखळ्यांचं एक टोक मोकळं असतं, काही एकमेकींत अडकलेल्या असतात पण गाठीने बांधलेल्या नसतात. पट्टी ताणली की या सगळ्यांवर भार येतो. मग ज्यांना सुटता येतं त्या हळूहळू सुटतात आणि आपला भार सोडून देतात. गाठींनी खरोखर बांधलेल्या साखळ्या मात्र तो वाहत राहतात. म्हणून चांगल्या रबराची ओढ कमी होते, शून्य होत नाही.

पुस्तकात यासाठी मॅक्सवेलचं १८६७ सालचं प्रारूप पहिलं भेटतं: एक स्प्रिंग आणि तिला मागेपुढे जोडलेला एक चिकट डॅम्पर (सावकाशच सरकणारा दट्ट्या). डॅम्परच्या श्यानतेला (चिकटपणाला) स्प्रिंगच्या ताठरपणाने भागलं की शैथिल्यकाल, म्हणजे ओढ सैलावायला लागणारा काळ, मिळतो. तेवढा वेळ गेला की मूळ ओढीचा ३७ टक्के भाग उरतो. विचार करायला हे प्रारूप उत्तम आहे. पण मोजलेल्या आकड्यांवर ही एकच घातांकी वक्ररेषा बसवायचा हट्ट धरू नका. ती आधी बसल्यासारखी वाटते, आणि पुढच्या आठवड्याची ओढ तिच्यावरून काढली की साफ चुकते. समांतर दुसरी स्प्रिंग जोडली तर ओढ शून्यावर जाण्याचा दोष जातो, पण शैथिल्यकाल अजून एकच राहतो. खऱ्या रबरात काही साखळ्या मायक्रोसेकंदांत सुटतात, काही तासांत, काही महिन्यांत. हे सगळे काळ एकत्र आले की जे दिसतं ते फार साधं असतं: काळ दहापट झाला की ओढ दर वेळी साधारण तेवढ्याच टक्क्यांनी घटते. भराव नसलेल्या, नीट व्हल्कनाइज केलेल्या नैसर्गिक रबरात ही घट दर दशपटीला साधारण २ ते ३ टक्के असते. कार्बन ब्लॅक (काजळीचा भराव) भरपूर असेल तर जास्त. म्हणजे पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जेवढी ओढ गेली, तेवढीच पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जाते. आलेखाचा काळाचा अक्ष लॉगॅरिदमिक घेतला की रेषा जवळजवळ सरळ येते. ती मध्येच खाली वाकू लागली, तर कारण वेगळं आहे असं समजा: बहुतेक वेळा उष्णता आणि ऑक्सिजन मिळून साखळ्या कायमच्या तोडत असतात. ती झीज आहे, आणि तिच्यात पदार्थच बदलतो.

या दोन प्रकारांतला फरक लाटेच्या प्रश्नाला थेट भिडतो.

आडव्या लाटेचा, म्हणजे अवतरंगाचा वेग काढायचा तर ओढीला एकक लांबीच्या वस्तुमानाने भागा आणि वर्गमूळ घ्या. तुमच्या पट्टीची लांबी कायम आहे, म्हणजे भागायचा आकडा कायम. ओढ १० टक्क्यांनी घटली तर वेग सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. इथे शैथिल्य सरळ लाटेत उतरतं.

लांबीच्या दिशेने जाणाऱ्या अनुतरंगाला मात्र ओढ किती हे विचारायचंच नसतं. तो विचारतो, ‘या क्षणी, या ताणलेल्या अवस्थेत, आणखी जरासं झटकन ताणलं तर किती विरोध होईल?’ साखळ्या सावकाश सुटून ओढ कमी झाली, तरी या झटपट प्रश्नाचं उत्तर फारसं बदलत नाही, कारण लाट जाते त्या सेकंदाच्या हजाराव्या भागात सुटायला त्या साखळ्यांना वेळच नसतो. झीज होऊन साखळ्या तुटल्या असतील तर मात्र हाही वेग घसरतो. म्हणून दोन्ही लाटा मोजल्या तर रबर नुसतं सैलावलं आहे की खराब झालं आहे, हे ते न तोडता सांगता येतं. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

रबराची एक गंमत इथेच सांगायला हवी. पट्टी हूकच्या नियमाने वागते असं धरा, म्हणजे ओढ ही लांबीतल्या वाढीच्या प्रमाणात. मग पट्टी जास्त ताणली की ओढ वाढते, पट्टी हलकी होते (तेच वस्तुमान जास्त लांबीत पसरतं), पण लाटेला जायचं अंतरही वाढतं. गणित केलं तर अनुतरंगाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागणारा वेळ कितीही ताणलं तरी तेवढाच येतो! अवतरंगाचंही पुढेपुढे तसंच होतं. दुप्पट लांबीवरून चौपट लांबीवर गेलात, तर ओढ तिप्पट होते, आडव्या लाटेचा वेग जवळपास अडीच पट होतो, पण छेडल्यावर येणारा स्वर फक्त २२ टक्के वर चढतो. स्टीलच्या तारेत ओढ तिप्पट केली तर स्वर ७३ टक्क्यांनी चढतो, कारण तिची लांबी जवळजवळ बदलत नाही. खरं रबर हूकचा नियम पाळतही नाही: मधल्या टप्प्यात ते मऊ पडतं, आणि शेवटी साखळ्या सरळ होत आल्या की एकदम ताठर होतं. त्यामुळे मधल्या टप्प्यात ताणत असताना स्वर जागच्या जागी राहिला किंवा किंचित उतरला तरी आश्चर्य मानू नका.

याच गणितातून आणखी एक संबंध निघतो. आडव्या लाटेचा वेग भागिले लांबीच्या दिशेच्या लाटेचा वेग, हे गुणोत्तर म्हणजे ‘वाढ भागिले आताची लांबी’ याचं वर्गमूळ. स्टीलच्या तारेवर १ गिगापास्कल स्ट्रेस (क्षेत्रफळाने भागलेली ओढ) दिला तर वाढ अर्धा टक्का होते, आणि दोन लाटांच्या वेगांत चौदा पटींचा फरक पडतो: एक सुमारे ३५० मीटर प्रतिसेकंद, दुसरी ५,००० च्या आसपास. दुप्पट ताणलेल्या रबरात हा फरक दीडपटही नसतो.

एक सापळा मात्र इथे टाळायला हवा. ‘रबरात ध्वनीचा वेग किती?’ असं शोधलं की कुठे ४० मीटर प्रतिसेकंद दिसतो, कुठे १,५००. दोन्ही खरे आहेत, दोन्ही लांबीच्या दिशेच्याच लाटा आहेत. अरुंद पट्टीत लाट जाताना पट्टी बाजूंनी बारीक होऊ शकते, म्हणून विरोध फक्त यंग मॉड्युलसचा. जाड ठोकळ्यात अल्ट्रासाउंडची लाट जाताना बाजूंना जागाच नसते. तिथे घनफळ दाबावं लागतं, आणि घनफळ दाबायला रबर जवळजवळ पाण्याइतकं ताठर आहे, सुमारे २ गिगापास्कल. स्टीलमध्ये हेच दोन वेग साधारण ५,०५० आणि ५,९०० असतात, म्हणजे फरक १७ टक्क्यांचा. त्यामुळे धातूंची सवय असलेल्या अभियंत्याला रबरातला हा चाळीस पटींचा फरक खरा वाटत नाही. पातळ नमुन्यावर अल्ट्रासोनिक प्रोब लावून त्यावरून यंग मॉड्युलस काढलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते आकडे यंग मॉड्युलसचे नसतातच. शरीराच्या मऊ ऊतींचं असंच आहे. दाबाची लाट तिथे साधारण १,५४० मीटर प्रतिसेकंदाने जाते, मग यकृत निरोगी असो वा कडक झालेलं. फरक दाखवते ती कातर लाट, जिच्यात थर एकमेकांवर आडवे सरकतात: निरोगी यकृतात तिचा वेग १ ते दीड मीटर प्रतिसेकंद, आणि ऊती ताठर होत गेल्या की तो वाढत जातो. इलास्टोग्राफीची, म्हणजे ऊतींचा ताठरपणा मोजण्याची, तपासणी याच मंद लाटेवर उभी आहे.

आता काळाचा मुद्दा थोडा पुढे नेऊ. लाटेचं एक आवर्तन साखळ्यांच्या शैथिल्यकालापेक्षा खूप मोठं असेल, तर साखळ्यांना सुटायला वेळ मिळतो आणि लाटेला मऊ रबर भेटतं. आवर्तन खूप छोटं असेल तर साखळ्या हलूच शकत नाहीत आणि तेच रबर काचेसारखं ताठर होतं. दोन्ही काळ जुळतात तिथे लाटेची ऊर्जा सर्वांत जास्त खर्च होते, उष्णता होऊन जाते. कंपन शोषणाऱ्या पॅडसाठी रबर निवडताना नुसता मऊपणा पाहून भागत नाही, ते याचमुळे: यंत्राची कंप्रता (दर सेकंदाची कंपनं) आणि रबराचा शैथिल्यकाल जुळायला हवा.

तापमान या काळांना सरकवतं. थंडी वाढली की साखळ्या मंदावतात, म्हणजे रबराच्या दृष्टीने थंड होणं आणि कंप्रता वाढणं हे एकाच दिशेचे बदल. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये हा संबंध सूत्रात बांधला, आणि आजही मायक्रोसेकंदांतलं वर्तन आम्ही नमुना थंड करून, सावकाश कंपनांनी मोजतो. टायरचं रबर जोखताना ऊर्जेचा व्यय ० अंशांना आणि ६० अंशांना पाहतात तो यासाठीच. पहिला आकडा ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा अंदाज देतो, दुसरा चाक फिरताना वाया जाणाऱ्या इंधनाचा.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले, त्यामागे रबराच्या ओ-रिंगचा (सांधा बंद करणाऱ्या गोल कड्याचा) हाच गुण होता. प्रज्वलनाच्या दाबाने बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली फट क्षणार्धात उघडत असे, आणि दाबून बसवलेल्या रिंगने तितक्याच चपळाईने फुगून ती भरायची असे. त्या सकाळी तापमान गोठणबिंदूच्या जवळपास होतं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने चौकशी आयोगासमोर त्याच रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवला आणि सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात येत नाही हे दाखवलं. रबर फाटलं नव्हतं. ते परत आलं असतं, पण सेकंदाच्या अंशात जे व्हायला हवं होतं त्याला सेकंद लागत होते. मानांकनाच्या तक्त्यात ‘स्थितिस्थापक’ असं लिहिलेला पदार्थ त्या वेळमर्यादेत स्थितिस्थापक नव्हता, आणि माणसं गेली. सील निवडणाऱ्या प्रत्येकाने तापमान आणि वेळ एकत्र तपासली पाहिजे, हे मी म्हणूनच आवर्जून सांगतो.

पृथ्वीच्या पोटातही हेच चालतं, फक्त काळ अफाट. प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, खडक काही सेकंदांच्या आवर्तनाच्या कातर लाटा घन पदार्थासारखा वाहून नेतो. तोच खडक हिमयुगाच्या बर्फाचा भार उतरल्यावर हजारो वर्षं सावकाश वाहतो आहे; स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बॉथनियाच्या आखातापाशी जमीन अजून वर्षाला जवळपास एक सेंटिमीटरने वर येते. श्यानता १०^२१ (दहाचा एकविसावा घात) पास्कल-सेकंद आणि ताठरपणा ७० गिगापास्कल धरला, तर मॅक्सवेलचा शैथिल्यकाल सुमारे ४५० वर्षं निघतो. भूकंपाची लाट त्याच्यापुढे क्षणमात्र, हिमयुग त्याच्यापुढे दीर्घ.

स्टीलकडे वळतो. साध्या तापमानाला धातू किती सैलावेल, हे तो वितळणबिंदूपासून किती दूर आहे यावर बरंच ठरतं. केल्व्हिनमध्ये मोजलं तर खोलीचं तापमान लोखंडाच्या वितळणबिंदूच्या सहाव्या हिश्शाइतकं, पण शिशाच्या वितळणबिंदूच्या निम्मं. म्हणून शिसं स्वतःच्या वजनानेही वर्षानुवर्षं ओघळतं, आणि स्टीलची तार जागेवर राहते. तरी पूर्णपणे नाही. पूर्वप्रतिबलित काँक्रीटमध्ये (ताणलेल्या तारांनी आधीच दाबात ठेवलेल्या) वापरायच्या लो-रिलॅक्सेशन, म्हणजे कमी सैलावणाऱ्या, तारांना मानकांची अट असते की तुटण्याच्या भाराच्या ७० टक्क्यांवर १,००० तास ठेवल्यावर ओढीतली घट २.५ टक्क्यांच्या आत हवी. पुलाच्या गर्डरमध्ये एवढीशी घटही हिशेबात धरावी लागते. आणि स्टीलमधली अनुतरंगाची लाट ओढीची फारशी दखल घेत नाही: १०० मेगापास्कल स्ट्रेस बदलला तर वेग जेमतेम हजारात एक भाग बदलतो. तेवढा फरकही टिपणारी उपकरणं मोठ्या बोल्टांची ओढ तपासायला वापरतात.

तुमच्या पट्टीवर हे सगळं स्वतः पाहता येईल. दोन टोकांमधल्या पट्टीचं वस्तुमान आणि लांबी मोजा, पट्टी हळूच छेडा, फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपने मूळ कंप्रता वाचा. ओढ म्हणजे चार गुणिले वस्तुमान गुणिले लांबी गुणिले कंप्रतेचा वर्ग (किलोग्रॅम, मीटर, हर्ट्झ घेतलं तर उत्तर न्यूटनमध्ये). पहिल्या मिनिटापासून आठवड्याच्या शेवटापर्यंत काळ चार वेळा दहापट होतो. दर दशपटीला अडीच टक्के धरले तर ओढ १० टक्क्यांनी आणि स्वर ५ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ एका अर्धस्वराने उतरायला हवा. हे कानालाही कळतं.

काही काळजी घ्या. नवी पट्टी पहिल्यांदा ताणल्यावर ती कायमची थोडी मऊ होते, याला मलिन्स परिणाम म्हणतात. म्हणून आधी चार-पाच वेळा ठरलेल्या लांबीच्या थोडं पुढे ताणून सोडा, काही तास विश्रांती द्या, मगच प्रयोग मांडा. ताणायला जेवढा वेळ लागला त्याच्या दहापट वेळ जाईपर्यंतची मोजमापं धरू नका. टोकं पकडीतून सरकत नाहीत ना, हे पेनाची खूण करून पाहा, कारण घसरलेली पकड हुबेहूब शैथिल्यासारखी दिसते. आणि प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहाच. रबराची ओढ केल्व्हिनमधल्या तापमानाच्या जवळपास प्रमाणात असते, म्हणजे दर तीन अंशांना एक टक्का. रात्री आणि दुपारी आठ अंशांचा फरक असेल तर एका संपूर्ण दशपटीची घट त्यात झाकली जाईल, आणि दुपारच्या वाचनात ओढ वाढलेलीसुद्धा दिसेल.